नुसतं गुड

साताऱ्यात कुठल्याही चौकात उभं राहून नुसती "सुभेदार" म्हणून हाक मारली, तरी चारदोन माणसं मागं वळून बघतात. अशा गावात एका निवृत्त नायकाची मातब्बरी कोण सांगणार? फौजेत नायक म्हणजे दोन फितीवाला. त्याच्या वर हवालदार, हवालदाराच्या वर सुभेदार, आणि सुभेदारांचा तर इथं सुकाळ. तरीसुद्धा औद्योगिक वसाहतीत जाऊन "व्हेरीनाना कुठं भेटतील?" असं विचारून बघा. चहाच्या गाड्यावरचा माणूस हातातल्या गाळणीनंच गेट दाखवील.

गेट एका कारखान्याचं. आत मोटारींचे लहानमोठे भाग तयार होतात आणि बाहेर हरिबा उभा असतो, मुख्य रखवालदार म्हणून. वय पासष्टीला टेकलेलं, पण पाठ ताठ. मूळचा आटपाडीकडचा, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या त्या कोरड्या अंगाचा, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा व्हायच्या आत उठतो. जातीनं धनगर. बापजाद्यांनी मेंढरं राखली, हरिबानं सरहद्द राखली आणि आता गेट राखतो. राखणं काही सुटलं नाही.

व्हेरीनाना हे नाव त्याला कारखान्यातल्या पोरांनी ठेवलं, आणि उगीच ठेवलं नाही. ऊन पडलं की हरिबा म्हणणार, "आज व्हेरी ऊन हाय, गड्या." चहा आला की, "व्हेरी ग्वाड केलाय रं." एखाद्या बाईनं तपासणीला पिशवी न सांगता उघडली, "व्हेरी गुड." ट्रकवाला गाडी मागं घेत असला की हा हात हलवत ओरडणार, "व्हेरी गुड, व्हेरी गुड, बस्स!" एकदा त्या व्हेरी गुडच्या नादात ट्रकनं भिंतीचा कोपरा पाडला. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला, तर हरिबा म्हणाला, "जाऊ दे, भित्ताडच व्हेरी जुनं हुतं."

त्याची सून संयोगिता एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं नव्या नवलाईत सासऱ्याला सुधारायचा प्रयत्न करून बघितला. "नाना, व्हेरी हा शब्द एकटा कुणाचं काही करत नाही. दुसऱ्या शब्दाला जोर द्यायला असतो तो. आणि सगळ्यालाच जोर दिला, तर जोर कुठंच राहत नाही." हरिबानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हेरी गुड सांगितलंस, पोरी." त्या दिवसापासून तिनं नाद सोडला.

लोकांना वाटायचं, म्हातारा फौजेतलं इंग्रजी झाडतोय. फौजेतनं आलेल्या माणसाला अशी एखादी खोड असतेच, त्यात वावगं काही नाही. पण हरिबाला इंग्रजीचा सोस नव्हता. त्याला भूक होती ती त्या एकाच शब्दाची.

फौजेतनं सुटताना जवानाच्या हाती एक पुस्तक देतात. त्यात त्याची सगळी नोकरी लिहिलेली असते, आणि वागणूक कशी होती याचा एक शेरा असतो, इंग्रजीत. सगळ्यात वरचा शेरा "एक्झम्प्लरी", म्हणजे इतरांनी कित्ता गिरवावा असा. त्याच्या खाली "व्हेरी गुड". त्याच्याही खाली "गुड". हरिबाच्या पुस्तकात गुड लिहिलेलं आहे.

बाहेरच्या माणसाला यात काय खटकणार? गुड म्हणजे चांगला. हरिबा सुटून घरी आला तेव्हा वाडीतल्या मास्तरांनी हेच वाचून सांगितलं, "सरकारनं आपल्या हरिबाला चांगला म्हटलंय." त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, हरखून घरोघर साखर वाटली. हरिबानंही त्या साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि कसाबसा हसला. कारण जे मास्तरांना ठाऊक नव्हतं ते प्रत्येक फौजी माणसाला ठाऊक असतं. तिथं नुसतं गुड म्हणजे पुढचा शब्द काढून घेतलेलं गुड. पुढं माजी सैनिकांसाठीच्या नोकऱ्यांना हरिबा जायचा, तेव्हा समोरचा साहेब पुस्तक उघडायचा, शेऱ्यावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "अच्छा. गुड." त्या "अच्छा"मध्ये आवाज जो खाली यायचा, तो हरिबाला शिवीपेक्षा जास्त लागायचा.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. साताऱ्यातल्या फौजी मंडळींत शेऱ्यांचा विषय निघाला की त्याला हटकून काहीतरी काम आठवायचं. आणि ज्याला एकदा उपाशी उठावं लागलंय तो जसा दुसऱ्याच्या पानात हात सैल सोडून वाढतो, तसा तो जगाला व्हेरी वाढत सुटला. कुणाला कमी पडायला नको.

आता त्याचं गुड कशामुळं झालं तेही सांगतो, म्हणजे मनात किंतू नको. तेव्हा तो पंचविशीचा होता आणि वार्षिक सुटीवर आला होता. दिवाळीनंतर आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात, तसा त्याचा बाप उतरला होता. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला लेंड्यांचं खत मिळतं आणि धनगराला दाणे. हरिबा बापाला भेटायला कुंडलला गेला, तर वर्धमान पाटील नावाच्या जैन शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसलेली आणि बाप तापानं फणफणलेला. तो ताप उतरलाच नाही. वर्धमान पाटलांनी घरचं माणूस गेल्यासारखी लाकडं दिली, माणसं दिली, आणि स्वतः पलूसला जाऊन हरिबाच्या पलटणीला तार केली, की रजा वाढवून द्या.

पण तारेचं उत्तर येईपर्यंत मेंढरं थांबतात थोडीच? बरोबरच्या धनगरांना आपापली जित्राबं होती. धाकटा भाऊ शाळकरी. बसवलेलं रान खाऊन झालं होतं आणि आई तिकडं वाडीत एकटी. मेंढरं तिथंच सोडली तर घर बुडालं असतं. हरिबानं फौजेचे बूट बिऱ्हाडाच्या घोड्यावरच्या बोजात खोचले, बापाच्या वहाणा पायात घातल्या आणि कळप घेऊन आटपाडीची वाट धरली. मेंढरांच्या पायानं माणसाला चालता येतं. माणसाच्या पायानं मेंढराला चालवता येत नाही. वाटेत मेंढ्या व्यायल्या, कोकरं खांद्यावर आली. कळप आईच्या हवाली करून तो पलटणीत पोचला तेव्हा रजा केव्हाच संपली होती.

साहेबानं सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं त्यालाही. पण फौजेत उशीर म्हणजे उशीर. त्याची लाल शाईत नोंद झाली, आणि त्या लाल शाईनं शेवटी व्हेरी खाल्लं. हरिबानं याला कधी अन्याय म्हटलं नाही. चूक आपली होती हे त्याला मान्य होतं. फक्त ती वेळ परत आली असती तर तीच चूक परत केली असती, एवढंच. आता असल्या चुकीचं माणसानं करायचं काय? पुसता येत नाही आणि पस्तावताही येत नाही.

गेल्या साली गेटवर अशीच वेळ आली, पण हरिबावर नाही, मायावर.

माया त्याच्या हाताखालची रखवालदार. कामगार बायकांची तपासणी तिच्याकडं. जतकडची, तीही धनगराचीच लेक. नवरा अपघातात गेल्यावर लहान पोरीला घेऊन साताऱ्यात आली आणि या गेटच्या पगारावर उभी राहिली. कमी बोलणारी, कामाला चोख. फेब्रुवारीत तिला निरोप आला, की कराडच्या अलीकडं रस्त्यानं मेंढरं नेताना मोटरसायकलनं तिच्या बापाला उडवलं, पाय मोडलाय. बाप दवाखान्यात आणि कळप रस्त्याच्या कडेला, एका शेजाऱ्याच्या भरवशावर. मायानं रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीकडं रजा मागितली. मिळाली नाही, माणसं कमी होती.

ती हरिबासमोर येऊन उभी राहिली. "नाना, जाऊ का?"

हरिबानं रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मला व्हय म्हणायचा अधिकार न्हाई, पोरी. आन् माज्या तोंडातनं न्हाई निघायचं न्हाई."

माया गेली. पोरीला शेजारणीकडं ठेवलं, कळप भावकीतल्या माणसाच्या ताब्यात जतला पोचता केला आणि परत येऊन गेटवर उभी राहिली. तिच्या नावावर विनापरवाना गैरहजेरी लागली ती लागलीच.

ते तेवढ्यावर भागलंही असतं. पण पावसाळ्याच्या तोंडाला रखवालीचं कंत्राट नव्या एजन्सीकडं गेलं. तिचं काम बघणारा माणूस म्हणजे निवृत्त सुभेदार शंभूराज. साताऱ्याचाच, करड्या मिशांचा, नियमाला धरून चालणारा. त्यानं हरिबाला फोन केला.

"नाना, जुन्या एजन्सीच्या लोकांकडनं तुम्ही तुमच्या माणसांबद्दल दिलेलं मत कळलं. सगळे व्हेरी गुड. तो ज्ञानू ड्युटीवर घोरताना सापडला होता, तोही व्हेरी गुड. अहो, असल्या मताचं मी काय करू?"

हरिबानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सोमवारी गेटवर येतो. एकेकाला समोर उभं करीन आणि तुम्हाला विचारीन. ज्याचा भरवसा वाटणार नाही त्याला ठेवणार नाही. आणि ती माया कोण, न सांगता निघून गेलेली, तिला मी ठेवत नाही असंच धरून चाला."

फोन ठेवल्यावर हरिबाला पहिल्यांदा कळलं, की आपल्या गाठीला काहीच उरलेलं नाही. इतकी वर्षं तो शब्द मूठमूठ वाटला. आता एका पोरीच्या भाकरीसाठी तोच खरा करून दाखवायचा होता, तर त्याची किंमत उडालेली. मायाला व्हेरी गुड म्हणावं तर सुभेदार हसणार. व्हेरी व्हेरी गुड म्हणावं तर आणखी हसणार. हरिबाला स्वतःचा इतका राग आला, की आलेला चहा व्हेरी न म्हणताच पिऊन टाकला. गाड्यावाल्याला वाटलं, साखर विसरली.

रविवारी सकाळी संयोगिता ओट्याशी मेथी निवडत होती. हरिबा स्टुलावर येऊन बसला.

"पोरी, एक इंग्लिशमदलं इचारू का?"

संयोगितानं भुवया उचलल्या. सासरा इंग्रजी झाडतो हे तिला ठाऊक होतं, विचारतो हे नवीन होतं.

"समज, एक माणूस खरोखर लय चांगलं हाय. आन् ऐकणाऱ्याचा माज्या व्हेरीवर इस्वास न्हाई. तर व्हेरीच्या वर काय लावायचं?"

"वर लावायला शब्द ढीगभर आहेत, नाना," संयोगिता म्हणाली. "एक्स्ट्रीमली म्हणा, रिअली म्हणा. पण ज्याचा व्हेरीवर विश्वास नाही, तो यांच्यावर कसा ठेवील? मी पोरांना वेगळंच सांगते. व्हेरी लिहायचा मोह झाला, की हात आवरा. व्हेरी काढून टाका आणि त्या जागी काय घडलं ते लिहा. गुड हा शब्द पुरेसा आहे हो. त्याला आपणच लंगडा करून ठेवलाय."

"काढून टाकायचं?" हरिबानं विचारलं.

"हो. काढून."

तिला काय ठाऊक, ती कुणाला काय सांगत होती. काढून टाकलेला तो शब्द हा माणूस निम्मं आयुष्य छातीत घेऊन हिंडत होता, आणि तिच्या तोंडून तोच उपाय निघाला होता. हरिबा उठला आणि अंगणात जाऊन विनाकारण तुळशीला पाणी घालू लागला. सकाळी धोंडुबाईनं घातलेलं होतंच.

सोमवारी पहिली पाळी सुटायच्या वेळेला सुभेदार शंभूराज आले. गेटच्या आतल्या अंगाला सगळे रखवालदार ओळीत उभे राहिले. टोकाला माया, टोपी नीट बसवून, नजर समोर. तिला फोनचं कुणी सांगितलं नव्हतं, पण असल्या गोष्टी न सांगता कळतात.

सुभेदारांनी पहिल्याकडं बोट केलं. "हा कसा?"

"व्हेरी गुड, साहेब."

"हा?"

"व्हेरी गुड."

सुभेदारांच्या मिशीखाली हसू हललं. ते ज्ञानूपुढं आले. "आणि हा झोपाळू?"

हरिबा घुटमळला. "जागा असला की व्हेरी गुड, साहेब."

ओळीत खसखस पिकली. ज्ञानूनंही मान खाली घालून हसून घेतलं. सुभेदार पुढं सरकत सरकत मायापुढं येऊन उभे राहिले आणि काही न विचारता हरिबाकडं बघत राहिले.

हरिबाच्या ओठांवर आलेला तो शब्द जन्माच्या सवयीनं बाहेर पडू बघत होता. त्यानं तो मागं लोटला.

"गुड," तो म्हणाला.

हसणं बंद झालं. ज्ञानूनं झटकन मान वर केली. मायाचा चेहरा पांढरा पडला. पिशवी उघडणाऱ्या बाईला, भिंत पाडणाऱ्या ड्रायव्हरला, घोरणाऱ्या ज्ञानूलासुद्धा जे मिळालं, ते तिला एकटीला मिळालं नव्हतं. तिनं हरिबाकडं बघितलं, आणि ती नजर हरिबाला सोसवेना.

"नुसतं गुड?" सुभेदारांनी विचारलं. त्यांचंही हसू गेलं होतं.

"व्हय, साहेब. नुस्तं गुड."

"का?"

"रजा मिळाली न्हवती, तरी ड्युटी सोडून गेली. त्ये झाकत न्हाई." हरिबा हात शरीराला चिकटवून, फौजेत उभं राहावं तसा उभा होता. "बापाचा पाय मोडला हुता आन् मेंढरं रस्त्यावर हुती. तिनं मला इचारलं. म्या व्हय म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. मेंढरं घरला घातली आन् परत आली. आल्यावर सबब सांगितली न्हाई. तिच्या गैरहजेरीत दुसरीनं जादा पाळ्या केल्या हुत्या, त्या हिनं न सांगता फेडल्या. तवापासनं एक दीस उशीर न्हाई. घडलं त्ये एवढंच."

"म्हणजे ड्युटी सोडली हे खरं."

"खरं हाय."

"मग गुड तरी का म्हणता? वाईट म्हणा."

ओळीतली माणसं ऐकत होती, पाळी सुटून निघालेले कामगारही थबकले होते. इतकी वर्षं ज्या गोष्टीला त्यानं हटकून काम काढून चुकवलं, ती आता समोर उभी होती, आणि या वेळी त्याला काही काम आठवेना.

"कारण फौजेनं मला तेवढंच दिलंय, साहेब," तो म्हणाला. "माज्या पुस्तकात गुड हाय. व्हेरी न्हाई."

सुभेदारांना आणखी सांगावं लागलं नाही. फौजेतला माणूस. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "लाल शाई?"

"व्हय."

"कशापायी?"

"मेंढरं, साहेब. बाप वाटंत गेला हुता."

गेटबाहेर ट्रक हॉर्न देत होता. कुणी हललं नाही. सुभेदार शंभूराज टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"माझ्या पुस्तकात एक्झम्प्लरी आहे, नाना," ते म्हणाले. "माझा बाप गेला तेव्हा मी वेळेवर हजर झालो होतो. अग्नी चुलतभावानं दिला."

एवढं बोलून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मायाकडं वळले. "बाप कसा आहे तुझा?"

"काठी घेऊन चालतोय, साहेब," माया कशीबशी म्हणाली.

"पुढच्या वेळी जायचं झालं तर मला फोन करायचा. रजा मी देईन. सांगून जायचं, कळलं?" आणि ते हरिबाला म्हणाले, "ओळ सोडा, नाना. सगळे राहतील. या ज्ञानूला मात्र उभ्यानं ड्युटी द्या, खुर्ची देऊ नका."

ते गेल्यावर माया तिथंच उभी राहिली. डोळे पुसायचे होते, पण गणवेशात ते बरं दिसत नाही म्हणून तसेच ठेवले होते.

"नाना, तुमी गुड म्हणलासा, तवा वाटलं, झालं. आता पोरीला उचलायची आन् जतची गाडी धरायची."

"मला बी भ्या वाटलं हुतं, पोरी," हरिबा म्हणाला. "पर दुसरं काय देऊ? व्हेरी मी कुणाला बी देतो. गुड माजं सोताचं हाय."

माया खाली वाकली. पाया पडतेय हे लक्षात येऊन हरिबानं तिला मधेच धरलं आणि खोटंच डाफरला, "गेट उघडं हाय तिकडं. जा, पिशव्या बघ."

त्या दिवसानंतर गेटवर एक गंमत झाली. व्हेरी गुड मिळालेली माणसं आपापसात कुजबुजू लागली. चार दिवसांनी ज्ञानू चहा घेऊन आला, कधी नव्हे तो स्वतःच्या खर्चानं.

"नाना, एक मागू का? माजं बी त्ये व्हेरी काढा की. निस्तं गुड ठेवा."

हरिबानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुजं ऱ्हाऊ दे, गड्या. तुला अजून त्येचा टेकू लागतोय."

पण हे नंतरचं. त्या सोमवारी हरिबा संध्याकाळी घरी आला तो हातपाय धुऊन तसाच पाटावर बसून राहिला. संयोगिता आणि पोरगा बाजाराला गेले होते. धोंडुबाईनं ताट वाढलं. भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. हरिबाचा हात ताटाकडं जाईना. शंभर माणसांसमोर जे बोलून झालं होतं, ते या एकीसमोर बोलायचं राहिलं होतं, आणि हेच जड होतं. हिनं साखर वाटली होती.

"मला तुला एक सांगायचं हाय."

"सांगा की. भाकरी मोडत मोडत सांगा."

"माज्या फौजेच्या पुस्तकात गुड लिवलंय, ठाव हाय न्हवं तुला?"

"न ठाव असाया काय झालं? सगळ्या वाडीला ठाव हाय."

"त्ये चांगलं न्हाई, धोंडे. म्हंजी चांगलं हाय, पर कमी हाय. बाकीच्यास्नी व्हेरी गुड असतंय. व्हेरी म्हंजी लय. माजं लय काढून घेतलं. तवा मेंढरं घेऊन आलो, रजा संपली, त्येच्यापायी." त्यानं ताटाकडंच बघत सांगितलं. "तू साखर वाटलीस, तवा सांगाया पायजे हुतं. धीर झाला न्हाई."

धोंडुबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती उलटून झाली, फुगली, तिनं ती काढून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "त्या साली मेंढरं आली नसती, तर तुमची आई जगली असती का?"

"न्हाई."

"मला ह्या घरात कुणी दिली असती का?"

"तुज्या बानं मेंढरं मोजूनच दिली तुला."

"मग झालं तर. सरकारनं मेंढरं बघितली न्हाईत, त्येनं आपलं त्येच्यापुरतं चांगला म्हणलं. त्येला काय बोल लावायचा?" ती पदरानं हात पुसत त्याच्यासमोर येऊन बसली. "आन् लय म्हणायचं काम सरकारचं असतंय व्हय? त्ये घरच्यांचं काम. म्या काय म्हणलं न्हाई कवा?"

हरिबाला आठवेना. ती म्हणाली असेल. वाडीत म्हणाली असेल, शेजारणींना, माहेरी, देवापुढं. त्यानंच कधी ऐकलं नव्हतं. तो इंग्रजीतला ऐकायला बसला होता.

"म्हण की आता," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखं मागितल्याबद्दल त्याचे कान तापले.

धोंडुबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू.

"आता न्हाई म्हणायची. माणूस लय चांगला असता, तर भाकरी अशी गार करून बसला नसता," ती म्हणाली. "जेवा आवं."

हरिबानं भाकरी मोडली.